नंबर घेताय, पण कशासाठी? नवा डेटा कायदा मराठवाड्यातून वाचताना

दहावीचा निकाल लागला की लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या क्लासवाल्यांचे फोन सुरू होतात. पोरगं अहमदपूर तालुक्यातल्या खेड्यातलं, बापाकडे बटणांचा मोबाइल, आणि फोन करणाऱ्या ताईंना मात्र पोराचं नाव, शाळा, टक्के, सायन्स घेणार की नाही, सगळं ठाऊक. "आमचा नंबर कुठून मिळाला?" असं विचारलं तर उत्तर येतं, "सर, सिस्टममध्ये आहे." ही सिस्टम कुणाची, तिच्यात नंबर कुणी टाकला आणि टाकणाऱ्याला तो कुणी दिला, याचा माग काढायची सोय आजवर आपल्याकडे नव्हतीच म्हटलं तरी चालेल. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ती सोय करू पाहतो.

कायदा ४४ कलमांचा आहे. लांबीला फार नाही, पण वाक्यं अशी की वकिलालाही एकेक दोनदा वाचावं लागतं. त्याचा गाभा एकाच प्रश्नात मावतो: कशासाठी? संस्था तुमची माहिती घेते ती कशासाठी, आणि ते काम उरकल्यावरही ती माहिती तिच्याकडे कशासाठी? हा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला दिला आणि उत्तर द्यायची जबाबदारी संस्थेवर टाकली, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा कायदा कळला.

कायदा आला कुठून ते थोडक्यात. आधारच्या विरोधात कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, २०१९ मध्ये विधेयक आलं, २०२२ मध्ये सरकारने ते मागे घेतलं, आणि नव्याने लिहिलेल्या विधेयकावर ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पुढे दोन वर्षांहून जास्त काळ कायदा नुसता कागदावर होता. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाच्या तरतुदी लगेच लागू झाल्या; संस्थांवरची मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. या मधल्या काळात संस्थांनी आपली घडी बसवायची आहे. मोठ्या बँकांनी तयारी सुरू केली असेल. तालुक्याच्या पतसंस्थेला हा कायदा ऐकूनही माहीत नसावा, असा माझा अंदाज आहे.

तोवर आपलं भागतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ४३-अ वर आणि २०११ च्या नियमांवर. त्यांचा सगळा भर पासवर्ड, बँकेचा तपशील, आजारपणाची कागदपत्रं, बोटांचे ठसे अशा 'संवेदनशील' माहितीवर. कुणी नुसती नावं आणि नंबर विकले तर त्या कलमाचा फारसा उपयोग होत नाही. नव्या कायद्यात असा भेद नाही. ज्या माहितीवरून माणूस ओळखू येतो ती सगळी वैयक्तिक माहिती, मग तो एचआयव्हीचा रिपोर्ट असो की नुसता मोबाइल नंबर.

कोण कुणाला बांधील

कायद्यात तीन पात्रं आहेत. ज्याची माहिती तो 'डेटा प्रिन्सिपल', म्हणजे तुम्ही-आम्ही. माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे ठरवणारा 'डेटा फिड्युशिअरी'. आणि त्याच्या सांगण्यावरून ती हाताळणारा 'डेटा प्रोसेसर'. लातूरचा क्लास हा फिड्युशिअरी; त्याला हजेरीचं अ‍ॅप पुरवणारी कंपनी आणि पालकांना मेसेज धाडणारी एजन्सी हे प्रोसेसर. क्लासच्या जागी पतसंस्था घ्या, सोनोग्राफी सेंटर घ्या, मोंढ्यातली आडत घ्या, दुचाकीचं शोरूम घ्या. काही प्रकारच्या संस्थांना, विशेषतः स्टार्टअपना, केंद्र सरकार काही कलमांतून सूट देऊ शकतं. पण "आमचं दुकान लहान आहे" ही कायद्यात आपोआप मिळणारी सबब नाही. गिऱ्हाइकांची माहिती संगणकात किंवा मोबाइलमध्ये ठेवणारा आणि तिचं काय करायचं हे ठरवणारा जो कुणी असेल, तो बांधील. घरगुती वापर तेवढा कायद्याबाहेर ठेवलाय. लग्नपत्रिका वाटायला केलेली सोयऱ्याधायऱ्यांची यादी बिनधास्त ठेवा.

शेजाऱ्याने पेरणीला तुमची बैलजोडी मागून नेली, असं समजा. त्याने तिला वैरण-पाणी करायचं आणि पेरणी झाली की परत आणून दावणीला बांधायची. त्याने ती परस्पर तिसऱ्याला भाड्याने दिली तर गाव त्याला सोडणार नाही. माहितीच्या बाबतीत कायदा संस्थेकडून हेच मागतो: ज्या कामाला नेली त्याच कामाला वापर, नेली आहे तोवर सांभाळ, काम झालं की सोड. पण बैल परत आला की शेजाऱ्याकडे काही उरत नाही. माहितीच्या नकला निघतात आणि त्या तिथेच राहतात. म्हणून परत देण्याऐवजी 'पुसून टाका' अशी सक्ती कायद्याला करावी लागली.

आणखी एक गोष्ट. प्रोसेसरने चूक केली तरी जबाबदार धरला जातो तो फिड्युशिअरीच. "आमचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे, तिथून डेटा गेला" असं क्लासला म्हणता येणार नाही. ती कंपनी निवडली त्यांनी, करार करायचा त्यांनी, लक्ष ठेवायचं त्यांनी.

संमतीचा टिक

प्रवेश अर्जाच्या तळाला बारीक अक्षरात 'मला सर्व अटी व शर्ती मान्य आहेत' असं छापलेलं असतं, शेजारी चौकोन, आणि ऑनलाइन फॉर्मवर त्यात आधीच टिक पडलेली. मे २०२७ नंतर अशी संमती टिकणार नाही. कायद्याला संमती हवी ती मोकळ्या मनाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. आणि ती माणसाच्या स्वतःच्या कृतीतून दिसली पाहिजे. आधीच पडलेली टिक ही संस्थेची कृती झाली, तुमची नव्हे.

संमतीआधी संस्थेने सूचना द्यायची. नियम म्हणतात की ही सूचना इतर कागदांच्या गर्दीत दडवायची नाही, ती एकटी वाचली तरी समजली पाहिजे. कोणकोणती माहिती घेतोय त्याची एकेक करून यादी, प्रत्येक माहिती कशासाठी, संमती मागे घ्यायची तर कुठे, तक्रार करायची तर कुठे, हे सगळं तिच्यात हवं. आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय तुम्हाला द्यावा लागेल. म्हणजे मराठीत मागा, मराठीत मिळाली पाहिजे. संभाजीनगर-नांदेडच्या मोहल्ल्यात उर्दूत मागितली तर उर्दूत. तांड्यावरच्या गोरमाटी बोलणाऱ्या बाईला मात्र ही सोय नाही, कारण तिची भाषा त्या अनुसूचीत नाही. कायदा करताना हे कुणाच्या ध्यानात आलं होतं का, असा प्रश्न पडतो.

समजा नीट सूचना देऊन नीट संमती घेतली. तरी संस्थेला मोकळं रान मिळत नाही. संमती लागू होते ती सांगितलेल्या कामाला जेवढी माहिती लागते तेवढ्यापुरतीच. कायद्यातच याचं उदाहरण दिलंय: घरबसल्या डॉक्टरला दाखवायचं अ‍ॅप तुमच्याकडून उपचारासाठी संमती घेतं आणि त्याच दमात मोबाइलमधले सगळे कॉन्टॅक्ट वाचायचीही परवानगी मागतं. तुम्ही दोन्हीला 'हो' म्हणालात. तरीही दुसरी संमती कायद्याच्या लेखी नाहीच, कारण ताप बघायला तुमच्या मेव्हण्याचा नंबर लागत नाही.

कर्जाच्या अ‍ॅपनी छळलेल्यांना याचं मोल चटकन कळेल. हप्ता थकला की कॉन्टॅक्टमधल्या साऱ्या गावाला फोन जायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल कर्जाविषयीच्या सूचनांमध्ये अशा अ‍ॅपना कॉन्टॅक्ट यादी आणि कॉलची नोंद वाचायला मनाई केलीच होती. ती कर्ज देणाऱ्यांपुरती होती. आता तोच विचार सगळ्यांना लागू होतोय. मात्र कर्ज बुडवणाऱ्याला हा कायदा ढाल म्हणून वापरता येणार नाही. थकबाकीदाराची मालमत्ता आणि देणी तपासायला कर्ज देणाऱ्या संस्थांना वेगळी मोकळीक ठेवलेली आहे.

दिलेली संमती कधीही मागे घेता येते. द्यायला जेवढी सोपी होती, मागे घ्यायला तेवढीच सोपी हवी, हे कलमातच लिहिलंय. मोबाइलवर एका बोटाने घेतलेली संमती रद्द करायला 'कार्यालयात समक्ष या, दोन साक्षीदार आणा' म्हणता येणार नाही. संमती मागे घेतली की संस्थेने माहिती वापरणं थांबवायचं आणि ती पुसायची, दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवायला सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. बँकेला, उदाहरणार्थ, खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं तुमचे ओळखीचे कागद ठेवावेच लागतात. तिथे रुसून उपयोग नाही.

संमती लागतच नाही अशी ठिकाणं

खूप जणांचा समज आहे की नव्या कायद्यात प्रत्येक गोष्टीला संमती लागेल. तसं नाही. तुम्ही स्वतःहून एका कामासाठी माहिती दिलीत आणि नको असं म्हणाला नाहीत, तर त्या कामाला ती वापरता येते. मेडिकलवर गोळ्या घेतल्या, पावती मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर पावती पाठवायला वेगळी सही नको. त्या नंबरावर पुढच्या महिन्यात प्रोटीन पावडरची जाहिरात आली, तर मात्र दुकानदाराने काम ओलांडलं.

अपघात, जिवावरचं दुखणं, साथीचा रोग, पूर-भूकंपासारखी आपत्ती, न्यायालयाचा आदेश, मालकाला आपल्या कामगारांच्या बाबतीत लागणारी माहिती, याही जागा संमतीशिवायच्या. यातली आपल्या भागात सगळ्यात मोठी जागा सरकारी योजनांची. अनुदान, दाखला, परवाना, लाभ देण्यासाठी सरकार आपल्याकडे आधीच असलेली माहिती संमती न विचारता वापरू शकतं. पीक विमा, अतिवृष्टीची मदत, पीएम किसान, लाडकी बहीण, शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांची माहिती या वाटेने फिरते. संमती नको, पण बाकीच्या जबाबदाऱ्या सरकारी खात्यालाही आहेत. गरजेपुरतीच माहिती घ्यायची, ती अचूक ठेवायची, सुरक्षित ठेवायची, गरजेपुरतीच टिकवायची, आणि कुणाला विचारायचं ते सांगायचं, असं नियमांच्या अनुसूचीत लिहिलेलं आहे.

आता हे प्रत्यक्षात कुठं अडतं ते बघा. खेड्यातला माणूस सरकारला माहिती देतो ती सेवा केंद्रवाल्याच्या हातून. जुलैमध्ये पीक विम्याची गर्दी उसळली की गाव आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो केंद्र चालवणाऱ्या पोराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं. अर्ज भरला जातो. फोटो त्याच्या मोबाइलमध्ये राहतात, संगणकावर गाववार फोल्डरात राहतात, तो मोबाइल दुरुस्तीला टाकतो तेव्हा दुरुस्तीवाल्याकडे जातात. पोरगं प्रामाणिकच असतं बहुतेक वेळा. त्याला कुणी शिकवलेलंच नाही की अर्जाची पावती निघाली की फोटो उडवायचे असतात. माझ्या वाचण्याप्रमाणे, अर्ज भरून देण्यापुरता तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणारा, म्हणजे प्रोसेसर. पण त्याच कागदांवर त्याने आपल्या मनाने दुसरं काही केलं, एखाद्या फायनान्सवाल्याला यादी दिली किंवा कुणाच्या नावावर खातं उघडलं, तर कामाचा हेतू त्याने स्वतः ठरवला. मग फिड्युशिअरीची जबाबदारी थेट त्याच्यावर येते, आणि फसवणुकीचा फौजदारी गुन्हा वेगळाच.

लेकरांची माहिती

लातूरला परत येऊ. अकरावी-बारावीचं पोरगं सोळा-सतरा वर्षांचं असतं, आणि या कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल. मुलाची माहिती वापरायची तर आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती हवी, तीही पडताळता येईल अशी. पालक म्हणून समोर आलेला माणूस खरोखर सज्ञान आहे, त्याची ओळख पटते, एवढी खात्री संस्थेने करायची; त्यासाठी डिजिलॉकरसारख्या सोयीही चालतात. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत.

शिकवणाऱ्या संस्थांना, दवाखान्यांना, पाळणाघरांना यात थोडी ढील दिली आहे. वर्गातली हजेरी, चाचणीतले गुण, लेकरू क्लासला पोचलं की नाही, हे शिक्षणासाठी आणि सुरक्षिततेसाठी बघता येईल. पण ढील तेवढीच. चौकशीसाठी आलेल्या पोरांची यादी दुसऱ्या शहरातल्या खासगी कॉलेजला देणं, 'आमच्या टेस्ट सिरीजमधली मुलं' म्हणून ती एजंटाला विकणं, हे कुठल्याच सुटीत बसत नाही. मुलांबाबतच्या बंधनांचा भंग झाला तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे.

टॉपरचे फ्लेक्स लागतात त्याचं काय? फोटो, नाव, गुण, गाव, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पोराने आणि आईबापाने हौसेने होकार दिला असेल तर हरकत नाही. पण प्रवेश घेतानाच 'जाहिरातीसाठी फोटो वापरू' ही अट घालून होकार घेतला असेल, तर तो बिनशर्त ठरतो का, हा वाद एखादा पालक नक्की उभा करेल. व्हायला हवा.

या तरतुदीचा दुसरा अवघड कोपरा बीड जिल्ह्यातला आहे. ऊसतोडीला गेलेले आईबाप पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि लेकरू आजीजवळ गावात. शाळेच्या अ‍ॅपवर पालकाची पडताळलेली संमती द्यायची कुणी? आजी सांभाळणारी आहे, पण कायदेशीर पालक नाही. बापाचा मोबाइल फडात चार्ज नसतो. दिल्लीत बसून लिहिलेल्या व्याख्येत हे घर बसत नाही.

माहिती फुटली तर

'डेटा लीक' म्हटलं की डोळ्यासमोर परदेशी हॅकर येतो. कायद्याची व्याख्या बरीच घरगुती आहे. परवानगीशिवाय माहिती वापरली गेली, चुकून उघड झाली, बदलली गेली, हरवली किंवा गरजेला हाताशी आली नाही, असं काहीही 'भंग' ठरतं. म्हणजे हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून रुग्णांची नावं-आजार असलेली एक्सेल फाइल चुकून कॉलनीच्या ग्रुपवर पडली, तर तोही भंग. पाच मिनिटांत 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं तरी भंगच.

असं झालं की संस्थेला दोन ठिकाणी कळवावं लागतं: मंडळाला, आणि ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला. 'छोटी घटना' म्हणून गप्प बसायची मुभा नाही. मंडळाला लगेच वर्दी आणि ७२ तासांत सविस्तर अहवाल. तुम्हाला साध्या भाषेत सांगायचं की काय झालं, किती गेलं, त्याने तुमचं काय नुकसान होऊ शकतं, संस्था काय करतेय, आणि तुम्ही स्वतः काय काळजी घ्यावी. आतापर्यंत आपली माहिती फुटल्याचं आपल्याला कळतं ते ओटीपी मागणारा फोन आला की. हा एक नियम नीट पाळला गेला तरी पुष्कळ झालं.

दंडाचे आकडे वर्तमानपत्रांत ठळक छापून आले: सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत, भंग लपवला तर २०० कोटींपर्यंत, इतर बऱ्याच चुकांना ५० कोटींपर्यंत. लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर 'छोट्या दुकानदारांना २५० कोटींचा दंड' असं फिरायला लागलं. हे सगळे कमाल आकडे आहेत. चूक किती गंभीर, किती काळ चालली, पुन्हा पुन्हा केली का, त्यातून कमावलं का, नुकसान आवरायला काही केलं का, हे तोलून मंडळ आकडा ठरवणार. तालुक्याच्या लॅबला त्यातलं काय लागेल ते पहिल्या काही निकालांनंतरच दिसेल.

मला खटकतं ते वेगळंच. हा दंड जातो भारत सरकारच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली, ज्याच्या खात्यातून पैसे गेले, त्याला या कायद्यात भरपाईची तरतूद नाही. उलट भरपाई देणारं जुनं कलम ४३-अ हा कायदा पूर्ण लागू होताच रद्द होतंय. म्हणजे संस्थेला धाक वाढला आणि माणसाच्या हातातली मागणी गेली. युरोपच्या कायद्यात नुकसान झालेल्या माणसाला भरपाई मागता येते. आपल्याकडे ते का वगळलं, याचं पटेल असं उत्तर मला तरी सापडलं नाही.

जिथे हा कायदा पोचत नाही

नावातच 'डिजिटल' आहे. तुळजापूरच्या लॉजवर रजिस्टरमध्ये हाताने लिहिलेलं नाव आणि आधारची झेरॉक्स फाइलला लावलेली, एवढंच असेल तर हा कायदा तिकडे बघत नाही. मॅनेजरने आधारचा मोबाइलवर फोटो काढला, किंवा रजिस्टर नंतर संगणकात चढवलं, की कायदा लागू. मुकादमाच्या पिशवीतल्या तोडणी कामगारांच्या आधार झेरॉक्सचंही तसंच. आपल्याकडे माहिती गळते ती अजून मोठ्या प्रमाणावर कागदातूनच, त्यामुळे ही फट लहान नाही. लॉजवर आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत दिली तर बरं; ती आधारच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते.

सरकारचा विषय जास्त नाजूक. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कुठल्याही यंत्रणेला कायद्यातून पूर्ण सूट देऊ शकतं. मंडळाचे सदस्य नेमणारंही केंद्र सरकारच. ज्याच्याकडे देशातली सगळ्यात जास्त माहिती आहे, त्याच्यासाठी दार इतकं सैल ठेवणं मला पटत नाही.

आणि माहितीच्या अधिकाराचं काय झालं ते तर प्रत्येक ग्रामसभेने समजून घ्यावं. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी असं होतं की खासगी माहिती नाकारता येईल, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक जनहित असेल तर द्यावी लागेल. डेटा कायद्याने ते कलम छाटून 'वैयक्तिक माहिती' एवढ्यावर आणलं, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासूनच लागू आहे, मे २०२७ ची वाट न बघता. आता सिंचन विहिरीचा लाभ कुणाकुणाला मिळाला, रोजगार हमीच्या हजेरीपटावर कुणाची नावं आहेत, असं विचारलं तर 'वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हणून अर्ज फेटाळण्याची सोय झाली. वाट पूर्ण बंद मात्र नाही. त्याच कायद्यातलं कलम ८(२) शाबूत आहे: जनहित जास्त असेल तर माहिती देता येते. आणि अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगणारं कलम ४ ही जागेवर आहे. अर्ज करताना ही दोन्ही कलमं नाव घेऊन लिहावीत.

करायचं काय

कायद्याने दिलेल्या हक्कांत मला सगळ्यात कामाचा वाटतो तो विचारण्याचा. मे २०२७ पासून, संमतीने किंवा स्वतःहून दिलेल्या माहितीबाबत तुम्ही संस्थेला विचारू शकता: माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, तिचं काय करता, आणि ती आणखी कुणाकुणाला दिली. ती ज्यांना दिली त्यांची नावं सांगावी लागतात. 'सिस्टममध्ये आहे' हे उत्तर इथे चालणार नाही. शिवाय चुकीची माहिती दुरुस्त करून घेणं, नको ती पुसायला लावणं, आणि आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजवायचे त्याचं नाव देऊन ठेवणं, हेही आहे.

मागणी लेखी करा, ईमेलने किंवा संस्थेच्या अ‍ॅपवरून. भाषा साधी चालते: 'माझा मोबाइल क्रमांक आपल्याकडे कोणत्या कामासाठी, कधी आणि कुणाकडून आला, तो आणखी कुणाला दिला, हे कळवावं. ते काम संपलं असल्यास क्रमांक पुसून तसं लेखी कळवावं.' प्रत आणि तारीख जपून ठेवा. संस्थेने तक्रारीची दखल जास्तीत जास्त ९० दिवसांत घ्यायची आहे. आधी तिच्याकडे गेल्याशिवाय मंडळाकडे थेट जाता येत नाही. मंडळाचं कामकाज ऑनलाइन चालायचं आहे, त्यामुळे परभणीहून दिल्लीचे हेलपाटे वाचतील, पण ऑनलाइन तक्रार भरायला पुन्हा त्याच सेवा केंद्रात जावं लागेल, ही गंमत आहेच. मंडळाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत दूरसंचार विवाद लवादाकडे अपील. खोटी किंवा उगाच त्रास द्यायला तक्रार केली तर मात्र तुम्हालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

क्लास, दवाखाना, पतसंस्था चालवणाऱ्यांनी सुरुवात एका कागदावरून करावी. डावीकडे कोणती माहिती घेतो ते, उजवीकडे कशासाठी. उजवी बाजू ज्या ओळीत कोरी राहील ती माहिती घेणं आजच बंद करा. जातीचा रकाना, आईचं शिक्षण, दोन-दोन पर्यायी नंबर, यातलं बरंच सवयीने छापलेलं असतं. मग सॉफ्टवेअरवाल्याशी लेखी करार, फाइलींना पासवर्ड, कुणी कधी माहिती उघडली त्याची निदान वर्षभराची नोंद, आणि तक्रारीसाठी एका माणसाचं नाव-नंबर दर्शनी फलकावर.

जुन्या माहितीचा प्रश्न बरेच जण विचारतात. कायदा लागू होण्याआधी संमतीने घेतलेली माहिती आपोआप बाद होत नाही. पण संस्थेने शक्य तितक्या लवकर तुम्हाला नवी सूचना पाठवायची आहे, आणि तुम्ही नकार देईपर्यंतच तिला ती वापरता येईल. त्यामुळे मे २०२७ च्या आसपास बँका, अ‍ॅप, दुकानं यांच्याकडून अशा सूचनांचे मेसेज येऊ लागतील. त्यात संमती मागे घेण्याची वाटही दिलेली असेल. त्याच गर्दीत ठगांचे खोटे मेसेजही घुसतील, म्हणून मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा संस्थेच्या मूळ अ‍ॅपवर किंवा शाखेत जाऊन ती सूचना वाचा.